कार्डं फुगतात म्हणे

“तू ऊठ तिथून. तुझ्या हातांना घाम येतो. कार्डं फुगतात.”

सर हे हळूच बोलले. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी पंचिंग मशीनपुढच्या स्टुलावर बसलो होतो, पहिलं कार्ड नुकतंच आत सरकवलं होतं. मी उठलो. माझ्या जागी माझा वर्गमित्र विनायक बसला आणि माझ्या हातातला कागद घेऊन माझाच प्रोग्रॅम टाइप करू लागला. मागे सगळा वर्ग उभा होता. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

साठीचं दशक संपत आलं होतं. पुण्यातल्या आमच्या कॉलेजात संगणकाचा विषय नवाच सुरू झाला होता. प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा. मग पंचिंग मशीनवर बसून त्याची एकेक ओळ एकेका जाड कागदी कार्डावर छिद्रं पाडून उतरवायची, आणि तो गठ्ठा संगणकाला घालायचा. दमट कार्ड आत अडकतं, हे खरं आहे. म्हणूनच ती खोली यंत्र लावून गार ठेवलेली असे. इतकी गार, की पोरं आत जाताना स्वेटर घालत. त्या खोलीत घाम येत होता म्हणे तो एकट्या मला.

बरं, हा घाम आधी नव्हता. त्याआधी महिनाभर मी त्याच स्टुलावर बसत होतो आणि एकही कार्ड फुगलं नव्हतं. माझ्या आडनावावरून कुणाला काही कळत नसे. मीही सांगायला गेलो नव्हतो. मग सरांनी आम्हाला मुळशीत नेलं. ओढ्याच्या पाण्याची उंची मोजायची आणि त्या आकड्यांवर प्रोग्रॅम लिहायचा, असा अभ्यास होता. गाव निघालं नेमकं माझं, मुठा खोऱ्यातलं. आजारी आहे सांगून राहावं असं मनात आलं, तरी गेलो.

पाटलांच्या ओसरीवर चहा आला. कपबश्या फिरू लागल्या. मीही हात पुढे केला. पाटलांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

“ह्यो आमच्या म्हारवाड्यातल्या सखारामाचा पोरगा न्हवं का? लई शिकतूय म्हनं.” मग आत तोंड करून म्हणाले, “त्याला करवंटीत द्या गं. गोठ्याकडं बसंल त्यो.”

आम्ही बौद्ध होऊन वर्षं झाली होती. पाटलांच्या लेखी काही झालं नव्हतं.

मी गोठ्याकडे बसलो नाही, चहाही घेतला नाही. ओढ्यावर जाऊन एकटा उभा राहिलो. सरांनी बशीतला चहा संपवला आणि वर एक अक्षर काढलं नाही. त्यानंतरच्या पहिल्याच तासाला माझ्या हातांना घाम यायला लागला. पाटलांचं जे होतं ते तोंडावर होतं. सरांनी त्या करवंटीला शास्त्र जोडलं, आणि त्याची चीड मला जास्त आली.

तेव्हापासून माझं सगळं विनायक टाइप करी. चिवडा खाऊन हात पँटला पुसून तो मशीनवर बसे. त्याची कार्डं कधी फुगली नाहीत. तसा तो वाईट मुलगा नव्हता. माझ्या ओळींत चूक दिसली की मला न विचारता दुरुस्त करून टाकी. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चाले, मला शाबासकी मिळे. माझं काय चुकलं होतं ते मला कधी कळतच नसे.

वर्षअखेरचं प्रात्यक्षिक जवळ आलं. बाहेरचे परीक्षक येणार आणि त्यांच्यासमोर प्रत्येकानं स्वतः कार्डं काढून प्रोग्रॅम चालवायचा. नापास झालो की माझी शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे कॉलेज बंद. सरांनी मला बोलावून घेतलं.

“काळजी करू नकोस. परीक्षकांना तुझ्या हातांचा त्रास कळवलाय. कार्डं विनायक काढेल, तू नुसता शेजारी उभा राहा. पास होशील.”

मी “बरं सर” म्हणालो. वर आभारही मानले. आजही ते आठवलं की अंगाची आग होते.

रविवारी गावी गेलो. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, पास होतोयस ना, मग गप बस. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

“वढा आटला की पाटलाच्या हिरीवर जायाचं,” ती म्हणाली. “त्यांच्या बायांनी पानी वडायचं, वरनं माझ्या कळशीत वतायचं. पानी मिळालं, न्हाई म्हनत न्हाई. पर हिरीत कळशी कशी सोडत्यात, दोर कसा वडत्यात, त्ये मला आजून ठावं न्हाई. म्हातारी झाले तरी. तुला तसलं शिकायचं हाय व्हय?”

मग तिनं भाकरी उलटली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी माझं नाव पुकारलं तसा विनायक स्टुलाकडे निघाला. मी त्याच्या आधी जाऊन बसलो.

“ऊठ,” सर म्हणाले. “काय ठरलंय आपलं?”

“माझी कार्डं मी काढणार.”

“अरे, घाम...”

“नाही येत मला घाम.” मी दोन्ही तळवे परीक्षकांपुढे धरले. “बघा. आणि सरांनी खरं कारण सांगावं. मी इथंच बसून ऐकतो.”

परीक्षकांनी माझे तळवे पाहिले, मग सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षक म्हणाले, “सुरू करा.”

बोटांना अक्षरं सापडेनात. इतके महिने दुसऱ्यानं टाइप केलेलं, सापडणार कुठून? एक कार्ड बिघडलं, दुसरं बिघडलं. कसाबसा गठ्ठा पुरा केला. संगणकानं तो नाकारला आणि चुकांचा कागद छापून बाहेर टाकला. दुसरा गठ्ठा काढायला वेळ उरला नव्हता.

“पाहिलंस?” सर म्हणाले. “तुझ्या भल्याचंच सांगत होतो.”

मी नापास झालो. तो कागद घेऊन जिन्यात बसलो. एके ठिकाणी कंस बंद केला नव्हता, एके ठिकाणी स्वल्पविराम राहिला होता. इतकं साधं. वर्षभर हेच माझ्यापासून दूर ठेवलं होतं. यात मला काही समाधान वाटलं असं कोणी समजू नये. शिष्यवृत्ती गेली. विनायक वरच्या वर्गात गेला. मी उन्हाळाभर पिरंगुटच्या रस्त्यावर खडी फोडली, फीपुरते पैसे जमवले आणि जूनमध्ये त्याच वर्गात पुन्हा नाव घातलं.

पहिल्या दिवशी सर मशीनच्या खोलीच्या दारातच उभे होते.

“पुन्हा आलास?”

“आलो. आता मला उठवायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागेल, सर.”

ते बाजूला झाले. मी चपला काढून आत गेलो, स्टूल पुढे ओढलं आणि बसलो. नापास व्हायचं तर पुन्हा होईन. पण माझ्या जागी दुसरं कोणी बसणार नाही.