सात नंबरचा बर्फ

एप्रिल अर्धा सरला तरी आमच्या गोल्फ कोर्सवरच्या दोन ग्रीनवर बर्फ बसूनच होता. एक सात नंबरची, एक पंधराची. ग्रीन म्हणजे जिथे भोक असतं, झेंडा असतो, ती गोल हिरवळ. तिच्यावरचं गवत इतकं बारीक कापतात की गावाकडचा आमचा न्हावी बघेल तर मशीन खाली ठेवेल.

यंदा फेब्रुवारीत पाऊस पडला आणि त्याच रात्री उणे वीस झालं. ग्रीनवर काचेसारखा थर बसला. त्या काचेखाली गवताचा श्वास कोंडतो. फार दिवस राहिला की गवत जातं. गेल्या वर्षी अशा पाच ग्रीन गेल्या होत्या, आणि मालकाने बॉसबाईला तोंडावर सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी परत असं झालं तर दुसरीकडे काम बघ." बावीस वर्षं ती त्या कोर्सवर होती. हे सगळं तिने मला पहिल्याच दिवशी हसत सांगितलं. पण ती हसायची तेव्हा फक्त तोंड हसायचं, डोळे आपले हवामान बघत असायचे.

मला घेताना तिने विचारलं होतं, "गवताचं काम केलंयस?"

मी म्हटलं, "टेन इयर्स."

खोटं नव्हतं. आमच्या तालुक्याच्या मैदानावर मी दहा वर्षं क्रिकेटची पिच बनवली. फक्त तिथे आमचं काम गवत मारायचं होतं. ते मी सांगितलं नाही. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने इंग्रजी दोनच शब्द बोलावेत, तेवढ्यात हुशार वाटतो. बायको इथे परदेशात कॉलेजला आली, आणि मी, पाच फूट चार इंचांचा, तिच्या सामानाबरोबर आलो. विंटरभर क्लबहाऊसच्या पार्किंग लॉटमधला बर्फ फावड्याने उपसला, घसरू नये म्हणून तिथे रेती टाकली, आणि स्प्रिंग आला तसा ग्रीनवर आलो. सिझनची माणसं मेमध्ये येणार होती. तोवर बाई आणि मी, दोघंच.

सोमवारी बाई म्हणाली, "ताडपत्रीखालची काळी रेती घे. सातवर पातळ टाक. काळ्या रंगाला ऊन लागलं की बर्फ लवकर सुटतो."

शेडजवळ ताडपत्र्या दोन होत्या. पहिली उचलली तर आतली रेती दगडासारखी गोठलेली. पहार मारली तर पहार माझ्यावर उलटली. दुसरी उचलली, तर रेती मोकळी, भुसभुशीत, कशी किसलेल्या गुळासारखी. हीच मी पार्किंगला टाकायचो. ओली होती, त्यामुळे काळपटही दिसत होती. रेती ती रेती, म्हटलं. एवढ्या थंडीत ती मोकळी कशी राहिली, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवला नाही. शिवला असता तर मी सातवीत थांबलो नसतो. चार बादल्या भरल्या आणि सातवर हाताने फेकल्या, मूठ भरून अर्धगोल, मूठ भरून अर्धगोल. मला वाटलं, काय सुंदर चाललंय.

बुधवारी सकाळी सातवरचा बर्फ गेलेला. वर नुसतं पाणी उभं. बाईला वाटलं होतं शनिवार उजाडेल. तिने माझी पाठ थोपटली. "गुड जॉब! कसं केलंस?"

"टेक्निक," मी म्हटलं.

"मग आज पंधरावर तसंच कर."

पंधरासाठी बादल्या भरल्या, ढेकळं हाताने फोडली, आणि जेवणाची वेळ झाली. हात पँटीला पुसले आणि डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी. पहिला घास घेतला आणि लगेच बायकोला फोन लावला.

"अगं, भाजीत मीठ किती? जीभ सोलली!"

"काहीतरीच काय. मीठ टाकायचंच राहिलंय आज. बसमध्ये बसल्यावर आठवलं मला."

"मग खारट कशी लागतेय?"

"हात धुतलेत का?"

मी बोटाकडे बघितलं. चाखलं. मग दुसरं चाखलं.

"अहो? काय झालं? बोला की."

सांगितलं. म्हणजे पार्किंगच्या रेतीत मीठ कालवलेलं असतं, म्हणून ती गोठत नाही, म्हणून बर्फ दोन दिवसांत पळाला, आणि म्हणून सात नंबरचं गवत आता मिठाच्या पाण्यात बुडालंय, हे सगळं मला तेव्हाच, तिला सांगता सांगताच कळत गेलं.

"बाईंना सांगा," ती म्हणाली.

"सांगितलं तर मी उद्यापासून घरी."

"आणि नाही सांगितलं तर त्या घरी. तुम्हाला काय, दुसरीकडे बर्फ उपसायला कुणीही घेईल. त्यांचं काय? जा आता, फोन ठेवते."

ऑफिसचं दार उघडं होतं. बाई मालकाशी फोनवर बोलत होती. "हो, सात मोकळी झाली. हो, जिवंत दिसतेय." मी दारातून परत फिरलो. दुसऱ्यांदा गेलो आणि वॉशरूमची किल्ली मागितली. वॉशरूमला कुलूपच नसतं. बदकांवर ढकलावं असंही मनात आलं. ती सातवर रोज घाण करतातच, पण इतकं मीठ कुठलं बदक खातं? तिसऱ्यांदा गेलो आणि एका दमात म्हटलं, "बॉस, आय पुट सॉल्ट. ऑन सेव्हन."

ती हसली! रोज मी इतका फालतूपणा करायचो की खरं बोललो तरी तिला चेष्टाच वाटली. मी पुन्हा सांगितलं. ती अजून हसत होती. मग मी तिला हाताला धरून बाहेर नेलं आणि बादल्या दाखवल्या. तिने चिमूटभर रेती चोळली, दुसऱ्या ताडपत्रीकडे बघितलं, आणि हसू गेलं. ती सरळ गाडीकडे निघाली. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गाडी घेऊन सातवर गेलो. तिने खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला आणि गवतात खुपसला. बोटभर आत गेला आणि टक्. दुसरीकडे, टक्. तिसरीकडे, टक्. ती गुडघ्यांवरच बसून राहिली.

"खाली जमीन गोठलेली आहे अजून," ती म्हणाली. "पाणी वरच आहे, मुळांत गेलेलं नाही. पण उद्या चौदा डिग्री आहे. जमीन उघडली की तुझं मीठ सरळ आत."

"मग?"

"मग काय, आज काढायचं. सगळं."

कोर्सचे पाइप विंटरसाठी रिकामे केलेले, रात्री अजून गोठत होतं, त्यामुळे तिथे नळ नाही. फरशीवरचं पाणी ओढतात तसले रबरी वायपर घेतले आणि खारं पाणी ग्रीनच्या उताराने खाली खडीच्या रस्त्यावर ढकलायला लागलो. ती एका टोकाने, मी दुसऱ्या. मग क्लबहाऊसच्या नळावर टाकी भरायची, गाडीवर आणायची, गोडं पाणी सोडायचं, परत ओढायचं. मी घाईत दुसरी टाकी वळणावर आडवी केली. बाईने फक्त घड्याळ बघितलं. अकरा खेपा झाल्या. प्रत्येक खेपेनंतर ती स्क्रूड्रायव्हर खुपसायची आणि मी त्या टक् ची वाट बघत श्वास रोखून धरायचो. चार वाजताच्या खेपेला झाडांच्या सावलीत टक् आला. उन्हाच्या बाजूला आलाच नाही. दोन बोटं आत गेला आणि मऊ थांबला.

"ती बाजू आधी," ती म्हणाली आणि वायपर घेऊन तिकडे वळली.

अंधार पडेपर्यंत ओढत होतो. शेवटी तिने ग्रीनमधून मातीसकट गवताचे चार गोल कापले, ट्रेमध्ये ठेवले आणि जेवायच्या खोलीत खिडकीत नेऊन ठेवले. आत ऊब असते, तिथे गवत आधी कळवतं, जगलंय की नाही.

पंधरावर दुसऱ्या दिवशी पहिल्या ताडपत्रीखालची काळी रेती टाकली आणि तिथला बर्फही गेला. नऊ दिवस मी रोज सकाळी आधी त्या ट्रेकडे जायचो. बायकोला फोनवर विचारायला सांगितलं नव्हतं, तरी ती रोज विचारायची, "काय म्हणतंय गवत?" काही म्हणत नव्हतं. माझ्यासारखंच, कामाच्या वेळी मुकं.

दहाव्या दिवशी मालक आला. मी डबा खात होतो, चमच्याने. तो सरळ ट्रेपाशी गेला. तीन गोलांत हिरवे कोंब होते. चौथा बोकडाच्या दाढीसारखा, वाळलेला.

"हे कुठलं?"

"सातचं," बाई म्हणाली. "सातवर मीठ गेलं. दोन्ही रेत्या शेजारी ठेवल्या आणि पाट्या लावल्या नाहीत. ते माझं काम होतं."

मी उठलो. चमचा खाली ठेवला. "सर, नो. रेती मी. शी टोल्ड करेक्ट. आय टुक रॉंग." आणि मग, गप्प बसता येत नाही म्हणून, "बट फिफ्टीन सेफ. आय टेस्टेड."

मालकाने बाईकडे बघितलं. "टेस्टेड?"

"चाखून," बाई म्हणाली.

त्याने चौथा गोल बोटाने दाबून बघितला. "किती मेलं?"

"पाव ग्रीन. झेंडा जिवंत बाजूला लावते. बाकी सतरा चांगल्या आहेत. कोर्स ठरल्या दिवशी उघडेल."

"मग उघड," तो म्हणाला आणि गाडीकडे गेला. बाई खुर्चीत बसली, आणि मी तिच्यासमोर माझी राहिलेली पोळी सरकवली. तिने खाल्ली.

उघडायच्या दिवशी सकाळी मी सातवर गुडघ्यांवर होतो. मेलेलं गवत गोल कापून काढायचं, अशाच वेळेसाठी शेडमागे वाढवलेल्या राखीव तुकड्यातलं जिवंत त्या भोकात बसवायचं. तपकिरी पट्टे अर्धगोल उठले होते, एकाशेजारी एक. लांबूनही कळत होतं की कुणीतरी उजव्या हाताने फेकलंय. चार खेळाडूंची पहिली चौकडी आली. एक म्हातारा काठीवर रेलून माझ्याकडे बघत म्हणाला, "टफ विंटर, हं?"

"व्हेरी टफ," मी मान वर न करता म्हटलं.

मागून बाईचा आवाज आला. "हो ना. पाच फूट चार इंचाचा होता."

म्हाताऱ्याला काही कळलं नाही, तो सभ्यपणे हसला आणि खेळायला लागला. मी पुढचा गोल कापायला घेतला.