अमावस्येची सही

लेखणी हाती धरण्याचे माझे वय नव्हे आणि अधिकार तर नव्हेच. भिवंडीच्या एका शाळेत आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. स्वतःचा एकही लिहिला नाही. तेव्हा निवृत्तीनंतर सुचलेल्या या आगाऊपणाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. धाडसाचे कारण एवढेच की, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांच्याइतका चेकवर श्रद्धा ठेवणारा आणि बँकेतल्या शिलकेच्या बाबतीत इतका नास्तिक मनुष्य या गावात दुसरा झाला नाही, असे माझे ठाम मत आहे. आणि ते नोंदवायला आता माझ्याखेरीज कोणी उरलेले नाही.

गावालगत टेमघरला त्यांची वाडवडिलांची शेती होती. तिच्या एका तुकड्यावर पत्र्याची शेड उभारून त्यांनी आठ लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बसवले आणि त्याच दिवसापासून ते कारखानदार झाले. कारखानदारीचे त्यांना उमगलेले एकमेव लक्षण म्हणजे चेकबुक. ते रेशमी शर्टाच्या खिशातून अर्धे बाहेर डोकावत असे, आणि दसऱ्याला झेंडूचे पहिले फूल लूमला नव्हे, चेकबुकाला वाहिले जाई. रोख देणे त्यांना हलकेपणाचे वाटे. पुतणीच्या लग्नात आहेराच्या पाकिटात त्यांनी पुढल्या महिन्याच्या तारखेचा चेक घातला, आणि मुलीच्या सासऱ्यांनी तो भर मांडवात उलटसुलट करून पाहिला तेव्हा लाज मला वाटली, त्यांना नाही. एकदा तर वज्रेश्वरीच्या दानपेटीतही त्यांनी असाच पुढल्या तारखेचा चेक टाकला. मी परतीच्या बसमध्ये हलक्या आवाजात हरकत घेतली, तर म्हणाले, "देवी काय पलून जाते, मास्तर? तारीख झाली की टाकील बँकेत." मी त्यांचा सख्खा मेहुणा, पण त्यांनी मला जन्मभर मास्तरच म्हटले, आणि त्या शब्दात आदर किती व कीव किती याचा हिशेब मला कधी लागला नाही.

त्या काळी परत आलेल्या चेकला फारसे कोणी भीत नसे. फार तर दिवाणी दावा होई, आणि दावा निकालात निघेपर्यंत दोन्ही पक्षांची नातवंडे शाळेत जाऊ लागत. पण ऐंशीचे दशक संपता संपता कायदा बदलला. शिल्लक नसताना दिलेला चेक परत आला आणि नोटीस मिळूनही पैसे भरले नाहीत, तर तो फौजदारी गुन्हा ठरू लागला. वर्तमानपत्रातले ते कात्रण मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "कागद परत आला म्हनून मानूस आत? मंग सगले पोस्टमन आधी तुरुंगात पायजेत." यावर शेडमधले कामगार हसले, आणि मी कात्रण घडी करून खिशात ठेवले.

त्यांची सर्व खाती ताईबरोबर जोडीने होती. दोघांपैकी कोणा एकाची सही पुरे. एकट्याचे नाव चेकवर एका पायावर उभे असल्यासारखे दिसते, असे त्यांचे म्हणणे. त्यातून ताईच्या पायगुणाने लूम आले अशी त्यांची समजूत होती. सह्या मात्र तेच करत, लांबलचक शेपटी काढून. अपवाद अमावस्येचा. अमावस्येला ते नवे काम काढत नसत, दाढी करत नसत आणि सही तर मुळीच करत नसत. त्या दिवशी घरच्या लक्ष्मीच्या, म्हणजे ताईच्या, हातची सही चालते, असा शोध त्यांनीच लावलेला होता. आकडे आणि नावे लिहायला ते मला बोलावत. माझे अक्षर छापल्यासारखे आहे, असे ते चारचौघांत सांगत. मला, खरे सांगायचे तर, ते आवडे.

अशाच एका अमावस्येला निजामपुऱ्यातल्या सुताच्या व्यापाऱ्यांचा मुनीम दारात येऊन बसला. या वृद्ध व्यापाऱ्यांना सारे चाचा म्हणत. मागल्या सुताच्या पैशांचा चेक हाती पडल्याखेरीज नवे सूत मिळणार नव्हते आणि लूम दोन दिवस बंद होते. मी चेक लिहिला. खात्यात तेवढी शिल्लक नाही हे मला ठाऊक होते, कारण पासबुकही मीच वाचून दाखवत असे. ताई भाकऱ्या करत होती. ती पिठाचे हात पदराला पुसत आली, भावोजींनी बोट ठेवले तिथे तिने आपली सुटी सुटी अक्षरे काढली आणि तव्यावरची भाकरी करपेल म्हणून लगबगीने परत गेली. रक्कम किती, हे तिने विचारले नाही, आणि कोणी सांगितलेही नाही.

चेक परत आला. वकिलाची नोटीस आली, ती दोघांच्या नावे. नकोशी पत्रे न उघडता देवीच्या तसबिरीमागे ठेवण्याची भावोजींची जुनी पद्धत होती. देवीने ती वाचावीत आणि निस्तरावीत. नोटिशीत पैसे भरायला दिलेल्या पंधरा दिवसांत देवीने काहीच केले नाही, आणि दोघांना कोर्टाचे समन्स आले.

आम्ही तिघे वकिलाकडे गेलो. वाटेत भावोजी ताईला धीर देत होते, की तुझं नाव नुसतं शोभेला, तू घाबरू नको, काय व्हायचं ते माझं होईल. वकिलाने चेकची नक्कल पाहिली आणि चष्मा काढून भावोजींना म्हणाला, "तुम्ही सुटाल. सही बाईंची आहे."

भावोजींना प्रथम कळलेच नाही. मग म्हणाले, "पन खातं दोघांचं हाय ना?"

"असू दे. नुसतं खात्यावर नाव आहे म्हणून धरत नाहीत. चेकवर सही ज्याची, आरोपी तो."

"मंग मलापन धरा की, सायेब. त्या दिवशी अमावस्या व्हती."

वकिलाने अमावस्येची नोंद घेतली नाही. त्याने विचारले, "बाकीचं अक्षर कुणाचं?" माझे, असे मी कसेबसे म्हणालो. "त्याला काही होत नाही," तो म्हणाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो ताईने ऐकला.

पहिल्या तारखेला भावोजींचे नाव वगळले गेले, आणि सातवी शिकलेली माझी बहीण एकटी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. तिने लुगडे इस्त्रीचे नेसले होते, जणू हळदीकुंकवाला निघाली होती. कोर्टाच्या आवारात चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, मेरेको शेठ पे केस करना था. बाई बीच में कैसे आ गई?" भावोजी दिवसभर बाहेरच्या पायरीवर बसून होते, दाढी वाढलेली, खिसा रिकामा. दुसऱ्या तारखेपूर्वी त्यांनी आठांपैकी पाच लूम विकले, रोख पैसे फडक्यात बांधून निजामपुऱ्यात चालत गेले, आणि चाचांनी तक्रार मागे घेतली. आयुष्यात एकदाच त्यांनी रोख दिले.

शहाणपण आले, असे कोणी समजू नये. उरलेल्या तीन लूमवर ते कारखानदारच राहिले आणि मी त्यांच्या मूर्खपणाच्या कथा शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत राहिलो. ते गेल्यावर ताईने देवीच्या तसबिरीमागचे कागद मला चाळायला दिले. त्यांत शेवटचे चेकबुक होते. एकही चेक लिहिलेला नव्हता, पण प्रत्येकावर त्यांची शेपटीवाली सही करून ठेवलेली होती. कोऱ्या चेकांवर सह्या करून ठेवण्याइतका अडाणीपणा कोणी करतो का, असे मी म्हणालो. ताई म्हणाली, "अमावस्येला मला बोलवायला लागू नये म्हणून."

ते चेकबुक माझ्याच टेबलावर आहे. आता त्या सह्यांना बँकेत काही किंमत नाही. मी ते अधूनमधून उघडतो, आणि भावोजींना हसायचे म्हणून बसलेला मी तव्याकडे परत जाणारी ताई पाहू लागतो. शिल्लक मला ठाऊक होती, कायदा मला ठाऊक होता, पेन माझ्या हातात होते. वाचकहो, तुम्ही असता तर ते खाली ठेवले असते का?