बोटीले आली बुरशी

आमच्या वट्यावर बोलाले विषय कमी पडत नाई. एक किस्सा सांगून होत नाई, तं वसंता दुसरा करून ठेवते. वसंता म्हंजे माह्या दिराचा पोरगा. पूर्णेच्या काठाले आमचं गाव. नाल्याले पानी आलं का गावाचे दोन तुकडे होतात. शाळा तिकडं, आमी इकडं. म्हनून सरकारनं हवा भराची रबरी बोट देली, आन् पंचायतीनं वसंताले तिचा इन्चार्ज केला. त्या दिवसापासून तो चप्पल सोडून बूट घालून राहिला.

*

दसऱ्याले आमच्याकडं इळ्यापासून ट्रॅक्टरलोक साऱ्याची पूजा होते. मंग बोटीनं कोनाचं घोडं मारलं? वसंतानं तिच्यात हवा भरली, हयद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आन् तिच्या नाकावर नारय धरून फोडला. नारयाचं सारं पानी आत.

घडी करताना म्हने, "काकू, देवाचा हार काढू कसा?"

मी म्हन्लं, "नको काढू बापा. खोबऱ्याचं भकलंबी राहू दे. वाटेत भूक लागली तं तिले होईन."

ठेवलं ना बापानं! वरून प्लास्टिक गुंडायलं, दोरीनं आवयलं आन् समाजमंदिरात जी भित झिरपते, तिलेच टेकवून ठेवली.

*

पावसाळ्याच्या तोंडावर निरोप आला. अकोल्याहून साहेब बोट पाहाले येऊन राहिले. आमी बोट नीट सांभायली नसन तं काढून वरच्या गावाले देनार. वसंताचं तोंड पायन्यासारखं झालं. वरच्या गावात त्याची सासुरवाडी हाये. बोट तिथल्या पोराईच्या हातात गेली तं दिवाईले जावई कोन्या तोंडानं जाईन? आन् खरं सांगू, मागच्या पुरात शाळेतली लेकरं वरांड्यात उपाशी बसली होती. बोट गेली का पुन्हा तेच.

दोरी सोडली तं असा वास आला का कुत्रं उठून गेलं. हार काया पडलेला. खोबऱ्याले मांजराच्या पिल्लावानी केस. आन् आमची नारिंगी बोट साऱ्या अंगानं काये-हिरवे ठिपके घेऊन पडली.

सरपंचानं चष्मा लावून पायलं आन् म्हने, "चांगली दिसते की. मिलिट्रीची डिझाइन हाये."

*

मंग सारे डॉक्टर झाले. एक म्हने ब्लीचिंग टाका, दुसरा म्हने पेट्रोलनं पुसा. वसंतानं स्टँडवरच्या ताडपत्रीवाल्या शब्बीरभाईले फोन लावला. तो म्हने, "अरे भाऊ, हे टाकशीन तं भोकं पडून बोट नाई, चायनी होईन." त्यानं सांगतलं, तोंडाले फडकं बांधून बुरशी बाहेर झाडा, मंग सिरका आन् पानी मियवून पुसा, मंग साबन, मंग खडखडीत वायवा.

सिरका वसंताच्या बायकोचा, सुनंदाचा. कांद्यावर घालाले आनला होता तिनं. पन शिवनीत बसलेली बुरशी फडक्यानं निंघे ना. वसंता घरात गेला आन् दात घासाचा ब्रश घेऊन आला. लय मन लावून घासलं.

दुसऱ्या दिवशी सकाऊन सुनंदा वट्यावर येऊन म्हने, "काकू, माहा ब्रश आंबट कावून लागून राहिला?"

मले माईत होतं. पन वसंता तिच्या मांगं हात जोडून उभा होता.

*

वायवाले बोट गच्चीवर, सावलीत टाकली. वसंता काठी घेऊन बाजूले. आमी कुरड्या राखतो तसा. मी म्हन्लं, "वसंता, कुरड्याईपाशी ओल्या पायाची बाई येऊ देत नाई. बोटीचंबी तसंच असते. एक ओला पाय पडला का बुरशी आलीच समज."

मी आपली गंमत केली. त्यानं खांद्यावर पाय पुसाचं फडकं घेतलं, ते आजलोक उतरलं नाई.

वायल्यावर त्यानं बोटीले सुनंदाची पावडर लावली. हयू हयू, कोनाकोपऱ्यात.

सुनंदा पाहून राहिली होती. म्हने, "माह्या तोंडाकडं कधी इतक्या पिरमानं पायलं नाई यानं."

*

साहेब आले. दाबून पायलं, वास घेतला, नाक मुरडलं. ठिपका एक नोता. मंग फोटोसाठी चिखलाच्या बुटानं बोटीत चढाले गेले, तं वसंता आडवा झाला. "साहेब, आधी पाय पुसा."

"बोट आहे का देवघर?" साहेब म्हने. तसेच गाडीत बसले आन् जाता जाता सांगून गेले, बोट वरच्या गावाले जाईन, मी सोता न्याले येतो.

वसंता त्या दिवशी जेवला नाई.

*

आता बोट आमच्याकडंच कशी राहिली, ते आयका.

साहेब बोलल्याप्रमानं आले. पन आले शाळेकडच्या रस्त्यानं, आन् आभाय फाटलं. नाला भरला. जीप बुडाली चाकालोक, साहेब शाळेच्या वरांड्यात. थोड्या वेयानं वरांड्यातबी पानी, गुडघ्याच्या वर. आमी इकडच्या काठावर छत्र्या घेऊन. साहेब तिकडून हात हालवून राहिले.

वसंतानं समाजमंदिरातून बोट काढली. बुरशी नाई, वास नाई, कोरडी ठक. हवा भरली आन् गेला वल्हवत. बोट अशी चालली का मले माह्या डोयावर भरोसा बसे ना. वरांड्याच्या खांबाले दोर बांधला. साहेबानं चढाले पाय उचलला.

वसंतानं खांद्यावरचं फडकं काढून समोर धरलं. "साहेब, आधी पाय पुसा."

साहेबानं पान्याकडं पायलं. फडक्याकडं पायलं. वसंताकडं पायलं. मंग एका हातानं खांब धरला आन् बगळ्यावानी उभं राहून उजवा पाय पुसला. डावा पुसाले उजवा खाली पान्यात ठेवला.

वसंता म्हने, "आता उजवा पुन्हा."