मायच्या मांडीतली सळई

माय कडब्याच्या बैलबंडीवरून पडली तेव्हा मी शाळेत पाढे घेत होते. रिठदला मास्तरीण होऊन मला दोनच वर्षं झाली होती. निरोप आला तशी मी वावराकडं धावले. माय बांधाजवळ आडवी होती, उजवी मांडी मधूनच वाकडी झालेली, आणि ती मलाच रागावली, "पोरं सोडून काहून आली तू?"

गावात हाड बसवणारे एक म्हातारे शेतकरी होते. मनगट मोडो की नडगी, आजूबाजूच्या गावांतली माणसं त्यांच्याकडं येत. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतल्या माणसाला ते अंगणात बसवून पाहत, ओसरीवर नाही. त्या दिवशी मायला हलवता येईना म्हणून तेच वावरात आले. त्यांनी मांडीवरून सावकाश बोटं फिरवली. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, हे माह्या हातचं नाही. मांडीचं हाड हाय. अकोल्याले न्या, उशीर नका करू."

पण बांबूच्या कामट्या लावून त्यांनी पाय असा बांधून दिला की वाशीमपर्यंत ट्रकमध्ये आणि पुढं रेल्वेत माय एकदाही ओरडली नाही.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. हाडाच्या पोकळीत स्टीलची लांब सळई घालायची, असं त्यांनी मायला समजावून सांगितलं. माय विचारात पडली.

"लोखंड अन् मांस एका जागी कसं राहीन, डॉक्टरसाहेब? जंगून जाईन ना ते."

"हे गंजत नाही, बाई. स्टेनलेस स्टील आहे. तुमच्या घरच्या ताटांसारखं."

"आमच्या घरी जर्मनची ताटं हायेत," माय म्हणाली. "म्हंजे घरातलं पयलं स्टील माह्या मांडीतच येऊन राह्यलं."

डॉक्टर हसत सुटले. मग त्यांनी सांगितलं, की सळई हाड जुळवत नाही. ती नुसता आधार देते, जुळायचं काम हाडच करतं.

"कारल्याच्या वेलाले काडी लावतो तसं," माय म्हणाली, आणि संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला तिनं हात पुढं केला.

दीड महिन्यानं आम्ही घरी आलो. सोबत एक्स-रेचा फोटो होता. वस्तीतल्या बायका तो उन्हात धरून पाहत आणि त्यातली पांढरी सळई पाहून तोंडाला पदर लावत. तिथं लोहचुंबक चिकटतं का, असं कुणीतरी विचारलं. मी शाळेतलं चुंबक आणून मायच्या मांडीला लावलं. ते घसरून खाली पडलं. बायकांपेक्षा मायच जास्त नाराज झाली.

एका सकाळी ते म्हातारे आमच्या दारात उभे राहिले. आमच्या वस्तीत ते पहिल्यांदाच आले होते. खाटेवर बसून त्यांनी मायची मांडी चाचपली. "गाठ धरली. हाडानं काम केलं," ते म्हणाले, आणि फोटो कितीतरी वेळ पाहत राहिले.

"चहा घेता का, दादा?" मायच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

"गूळ कमी टाक," ते म्हणाले.

दीड वर्षानं सळई काढायला बोलावलं तेव्हा म्हातारे आपणहून म्हणाले, "मीबी येतो." डॉक्टरांनी सळई धुऊन कापडात गुंडाळून दिली. म्हाताऱ्यांनी एक डोळा मिटून ती नजरेसमोर धरली, जसं शेतकरी वखराच्या नव्या दांडीचा सरळपणा बघतो. लांबी कशी मोजता, आत कशी घालता, असं ते डॉक्टरांना विचारत राहिले. मग डॉक्टरांनीच विचारलं, "बाबा, फोटोशिवाय तुम्हाला कसं कळतं?" म्हाताऱ्यांनी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि प्रत्येक हाड दाबून दाखवलं. दोघं खिडकीशी उभे होते. नर्स दोनदा येऊन परत गेली.

परतताना गाडीत माय त्यांना म्हणाली, "ही तुमीच ठेवा. मांडी मोडलेल्या माणसाले दाखवा, म्हंजे तो भेणार नाही." सळई त्यांना हवी होती, हे आम्हा दोघींना कधीचं दिसत होतं. त्यांनी ती दुपट्ट्यात गुंडाळली आणि वाशीम येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

त्यानंतर मांडी मोडलेला माणूस आला की ते सळई दाखवत, अकोल्याला धाडत. नातेवाइकांना आमच्याकडंही पाठवत, बाई कशी चालते ते पाहायला. माय थोडी लंगडायची, पण अंगणात फेऱ्या मारून दाखवायची.

एकदा म्हाताऱ्यांकडं बैलगाडीतून आणलेला एक नवरदेव काही केल्या अकोल्याला जायला तयार होईना. हळदीचा रंग अजून त्याच्या हातावर होता. "माह्या अंगात लोखंड नको," एवढंच म्हणे. माय वावरातलं निंदण अर्धवट टाकून आली, त्याच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "चाल, मी येतो संग." त्याची बायको आणि माय, दोघी त्याला घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी माय परतली ती पदरात सीताफळं घेऊन. वॉर्डातल्या नर्सनं तिला ओळखून ती दिली होती म्हणे. आम्ही दारात बसून ती खाल्ली, आणि ऑपरेशन कसं झालं ते मायनं स्वतःच केल्यासारखं सांगितलं.