अल्बममधलं पहिलं गाणं

किस्से काही ठरवून गोळा करावे लागत नाहीत. चाकणच्या कंपन्यांमधले सहा जण मिळून ग्राइमचा अल्बम काढतात म्हटल्यावर ते आपोआप साठतात. फक्त आमच्या प्रत्येक किश्श्यात तो संतोषच भाव खाऊन जातो, हेच तर माझं दुखणं आहे! ग्राइम म्हणजे लंडनच्या वस्त्यांतून आलेलं रॅप, धडधडत्या बीटवर सुसाट म्हणायचं. आमच्यात ते आणलं कुणी? मी! एवढं लक्षात असू द्या.

*

पहिली मीटिंग पश्याकडे झाली. पश्या मूळ ताथवड्याचा. घरच्या जमिनीवर इमारत उठली, तिच्यातल्या एका फ्लॅटमध्ये भिंतींना गाद्या लावून त्यानं स्टुडिओ केलाय. सहा जणांचं एकेक गाणं घेऊन अल्बम काढायची आयडिया त्याचीच.

मी अर्धा तास ग्राइमवर भाषण दिलं. संतोष आमच्याच कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे ठोकणाऱ्या मशीनच्या धडधडाटात, मूळचा लातूरचा. तो शिफ्ट सुटल्यावर थेट आलेला. एकसारखी मान डोलवत होता. मला वाटलं, पोरगं गुणी आहे. भाषण संपलं तसे त्यानं कानातले इअरप्लग काढले.

"काय म्हनलालास, दत्ताभाऊ?"

मग माइक धरला आणि सोळा ओळी अशा सोडल्या की पश्या खुर्चीवरून उठलाच. त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही.

*

मी क्वालिटीला आहे. त्यामुळे रेकॉर्डिंग तपासायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. भिंतीवरच्या तक्त्यात पास झालं की हिरवा ठिपका, रिजेक्ट झालं की लाल.

संतोषला मी लाल ठिपका दिला. खरं सांगतो, जळून दिला. पण पश्या पक्का!

"कारण लिव्हल्याबिगर रिजेक्शन न्हाई!"

काहीतरी लिहायचं म्हणून मी लिहिलं, 'मधे श्वास ऐकू येतो.'

संतोषनं ते मनावर घेतलं. आठवडाभर मशीनच्या आवाजात प्रॅक्टिस केली आणि अख्खं कडवं एका दमात म्हणून दाखवलं. वर मलाच म्हणतो, "बरं झालं सांगितलास, भाऊ!"

हिरवा ठिपका मी जमेल तेवढा बारीक लावला.

*

स्टेजवरचं नाव शोधायला मला तीन आठवडे लागले. शेवटी ठेवलं, 'एमसी मायक्रॉन'. एमसी म्हणजे रॅप म्हणणारा, आणि मायक्रॉन हे आमचं क्वालिटीतलं बारीक माप. संतोष म्हणाला, "माझं संतोषच राहू दे."

पोस्टर आलं. काळेवाडीत घरी आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं.

"हा संतोष म्हणजे तो तुझ्या कंपनीतला ना? छान हो! आणि हा मायक्रॉन कोण? साहेब का तुमचा?"

*

मग भांडण लागलं नंबरावरून. लोक पहिलं गाणं ऐकतात, पुढचं कोण ऐकतंय? पहिला नंबर मला हवा होता, आणि संतोष शेवटी जायला हवा होता. मी पश्याला बजावलं, "कंपनीत माझी सात वर्षं झाली, त्याची दोन. सिनिऑरिटी म्हणून काही आहे की नाही?"

"अल्बम हाय का युनियन, राव?" पश्या वैतागला.

संतोष शांतपणे म्हणाला, "देऊन टाक की दत्ताभाऊला पैला. मला शेवटचाबी चालतोय."

भांडला असता तर बरं वाटलं असतं! असा मोठेपणा बघितला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

*

अल्बम आला. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये मागच्या लांब सीटवर जाऊन बसलो. संतोषची त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती, म्हणजे मैदान मोकळं! ड्रायव्हरमामांना मीच अल्बम लावायला सांगितला.

काळेवाडी मागे पडली, अर्धा रस्ता सरला आणि माझं गाणं लागलं. बसमध्ये सगळे झोपलेले. एकजण तर घोरत होता, तेही बीट सोडून! मग दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. चाकणजवळ ट्रॅफिक लागलं. कंपनीचं गेट दिसायला आणि शेवटचं गाणं लागायला एकच गाठ पडली.

संतोषचा आवाज आला. एकेक मान वर झाली. घोरणारा उठून बसला. गाण्यात प्रेस शॉप होतं, गावाकडून येणारा आईचा फोन होता, आणि ते सगळं एका दमात.

बस थांबली. मामांनी दार उघडलं आणि बटणाकडे हात नेला. "चला, उतरा! पंचिंगला लेट व्हाल!"

कुणी हललं नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी खेकसलं, "ओ मामा, हात लावू नका! गाणं संपू द्या की त्याचं!"

सगळ्या बसनं मागं वळून पाहिलं. मागच्या सीटवर मी एकटाच होतो.