अ‍ॅटीचा मासा

मी साऱ्या गल्लीचे आवाज काढते; त्यात ऊम सारेलची (ऊम म्हणजे काका) हाक काढायला सगळ्यात सोपी. नाकातून सुरू करायची, पोटात न्यायची आणि कुणीतरी मानगूट धरल्यासारखी मध्येच तोडायची: "खाऽऽली!" आमच्या ब्लोमपार्कातली शेंबडी पोरंसुद्धा ती काढतात. पण ती अर्धीच. खरा ऊम सारेल हाक देण्याआधी क्षणभर गप्प होतो, त्याचे ओठ हलतात, रस्त्यात कुणी ओळखीचं भेटावं तसे. ते जमवायला माझी अख्खी सुट्टी गेली.

सारेल, आडनाव सप्टेंबर, पर्यटकांना शार्क दाखवणाऱ्या बोटीवर दोरी धरतो. बेटाजवळ नांगर पडला की बोटीच्या कुशीला बांधलेल्या पिंजऱ्यात पर्यटक गळाभर पाण्यात उभे राहतात. माशाच्या रक्ताचं आणि तेलाचं कालवण पाण्यात ओतायचं, दोरीला टुनाचं डोकं बांधून फेकायचं. पांढरा शार्क त्यामागे आला की दोरी ओढत त्याला पिंजऱ्यासमोरून न्यायचं आणि हाक द्यायची. माणसं श्वास कोंडून बुडी मारतात आणि बघतात. आमिष माशाच्या तोंडी लागू द्यायचं नाही, हा नियम. तांडेल ड्रिस (याचा आवाज तोंडात गरम बटाटा ठेवून काढायचा) पर्यटकांना सांगायचा, की आमच्या सारेलइतकं शार्कला उपाशी घालवणारा माणूस साऱ्या जगात नाही. पर्यटक हसायचे. सारेल नाही.

त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅटी याच पाण्यात गेला. चोरून पर्लेमून शिंपले काढायला उतरला होता. सापडली ती फक्त शिंपल्यांनी भरलेली जाळीची पिशवी. होडीतल्या सोबत्यांनी शार्कचा पाठपंख पाहिला होता. त्याला वरच्या टोकाशी खाच होती, पावाचा लचका तोडल्यासारखी. चर्चमधल्यांनी स्मरणाचा दगड बसवू म्हटलं, तर त्यांची आई, औमा लेया (औमा म्हणजे आजी, साऱ्या गल्लीचीच), म्हणाली, रिकाम्या खड्ड्यावर दगड कशाला ठेवू? आणि तिनं सारेलला ट्रॉलरवरचं काम सोडायला लावून शार्कच्या बोटीवर धाडलं. लोकांना वाटलं, सूड. सूड कसला? तिला खबर हवी होती. तो मासा जिथे, तिथे तिचा अ‍ॅटी. एवढा साधा तिचा हिशेब.

आमची आणि त्यांची भिंत एकच, म्हणून मला पाठ आहे. संध्याकाळी बुटांचा आवाज. मग औमाचा, सुकटासारखा कोरडा:

"आला होता का?"

"आला होता, मा."

"कसा होता?"

"बरा होता. जाडा झालाय."

मग ताटांचा आवाज. ज्या दिवशी खाचवाला आला नसेल, त्या दिवशी सारेल तसं सांगायचा आणि औमा म्हणायची, असेल कुठे दूर गेलेला, तरणा आहे.

नंतर ऑर्का आले, शार्कचीही शिकार करणारे काळे-पांढरे देवमासे. शार्क किनाऱ्यावर मरून पडायला लागले. कुशीला भगदाड आणि आतली तेवढी कलेजी गायब. बाकीचं तसंच, लाडक्या जावयानं ताटातलं आवडीचं तेवढं उचलावं तसं. जे वाचले ते समुद्र सोडून पळाले. फ्रान्सक्रालच्या वाळूवर एक मोठा लागला, तो ट्रॅक्टरनं ओढायला सारेललाच बोलावलं. पंखाला खाच होती. विद्यापीठाच्या लोकांनी मापं घेतली, डोकं नेलं. धड भरतीच्या रेषेवर वाळूत पुरलं. फावडं सारेलच्या हातात होतं.

त्या संध्याकाळी मी भिंतीला कान लावून बसले होते. बुटांचा आवाज आला. आला होता का? एक बूट जमिनीवर पडला, पाठोपाठ दुसरा. मग सारेलचा आवाज आला, आला होता, मा. बरा होता.

तेव्हापासून मासा रोज येत होता, रोज बरा होता. एकदाही दूर गेला नाही.

गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या घरी भात करपला हेसुद्धा जिथे पोटात राहत नाही, तिथे एवढी गोष्ट राहिली. फुटली ती चर्चच्या दारात. आंटी मिना (हिचा आवाज शिट्टी होऊ घातलेल्या किटलीचा) कुणाला तरी म्हणाली, की आता बोटींना तांबड्या मुशीच काय त्या दिसतात, पांढरा बघून जमाना झाला. औमा मागेच उभी होती.  शनिवारी सकाळी चर्चची टोपी घालून धक्क्यावर हजर. गिऱ्हाईक हल्ली कमीच, जागा होती. सोबतीला माझी आई गेली, आणि आईच्या मागे मी.

ड्रिस म्हणाला, औमा, वर बाकावर बसा, छान दिसतं. औमा म्हणाली, "वरून पाठ दिसते. मला तोंड बघायचंय."

तिला त्या काळ्या रबरी पोशाखात कोंबणं म्हणजे ओल्या पिशवीत जिवंत वाम भरणं. ड्रिसनं ओढलं, आईनं ढकललं, औमानं दोघांनाही त्यांच्या बापाच्या नावानं ऐकवलं. टोपी काही तिनं काढली नाही. मास्क टोपीवरूनच चढवला.

पाणी इतकं गार, की औमाबरोबर पिंजऱ्यात उतरलेले दोघं पर्यटक थोड्याच वेळात दात वाजवत वर आले. सारेल टुनाचं डोकं फेकत होता, ओढत होता, पुन्हा फेकत होता. तांबड्या मुशी येऊन गेल्या. त्यांच्यासाठी त्यानं हाक दिली नाही. औमाचे ओठ निळे पडले.

"मा, वर ये आता."

"तो आल्यावर."

ड्रिसनं सारेलच्या कानात सांगितलं, कशालाही हाक दे आणि म्हातारीला बाहेर काढ. सारेलनं मान हलवून नाही म्हटलं. आणखी थोडा वेळ गेला. औमाचा दांड्यावरचा हात सुटायला लागला, तेव्हा तो ओरडला. "खाऽऽली!" मी पाण्याकडेच बघत होते. हिरवं पाणी, त्यात टुनाचं डोकं, बस्स. आणि ओरडण्याआधी त्याचे ओठ हलले नव्हते.

औमानं बुडी मारली. वर आली, मास्क कपाळावर सारला.

"काही नव्हतं," ती म्हणाली. "हाक कुणाला मारलीस, सारेल?"

सारेलच्या हातातली दोरी ढिली पडली. एका मुशीनं येऊन डोकं उचललं आणि नेलं. त्याचं लक्षसुद्धा नव्हतं.

"तो मेला, मा. फ्रान्सक्रालला वाळूवर लागला होता. मीच ओढला."

हा आवाज मला अजून काढता येत नाही.

मला वाटलं, औमा किंचाळेल. तिनं पिंजऱ्याचा दांडा नीट धरला.

"पुरला?"

"हो."

"कुणी?"

"मीच."

"म्हणजे इतके दिवस मला थडगं होतं," औमा म्हणाली, "आणि तू सांगितलं नाहीस."

दुपारी आम्ही फ्रान्सक्रालला गेलो. तिची टोपी अजून ओली होती. वाऱ्यानं वाळूचे ढीग इकडचे तिकडे केलेले. सारेल पुरल्याची जागा शोधत, टाच रोवत चार पावलं जायचा, थांबायचा, समुद्राकडे बघून अंदाज घ्यायचा, परत फिरायचा. इथे असेल म्हणायचा, मग इथे नसेल. आई आणि मी लांबच उभ्या राहिलो. औमा वाळूत बसून त्याच्याकडे बघत होती.

"सारेल," ती म्हणाली, "आहेस तिथेच उभा राहा. तू त्याच्या अंगावरून चालतोयस."

सारेल थांबला. त्याचा एक पाय उचललेला होता, आणि तो कुठे टेकवावा ते त्याला कळेना.