राजाबाईंच्या करडीतलं अस्वल

बेळगावजवळच्या काकतीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला, एक वाडी आहे. तिथल्या मराठी शाळेत चौदा मुलं, एक शिक्षिका आणि राजाबाई असतात. राजाबाई मुलांचं दुपारचं जेवण शिजवतात. कागदोपत्री त्यांचं शिक्षण तिसरी नापास, आणि कागद क्वचित खरं बोलतो तसा इथं बोललेला आहे.

पूर्णिमा बाई 'प्राण्यांची घरे' हा पाठ तक्त्यावरून शिकवत. सिंह गुहेत, घोडा तबेल्यात, कोंबडी खुराड्यात. वाडीत सिंह नाही, घोडाही नाही, आणि कोंबड्या आंब्यावर झोपतात. म्हणून शनिवारचा शेवटचा तास राजाबाईंकडं आला. तो त्या डोंगरात घेत.

"साप वारुळात ऱ्हातोय, पर बांधत न्हाय. बांधलं वाळवीनं. ह्यो नुसता घुसून बसलाय."

"मग वाळवी काय म्हणत न्हाय, आक्का?" ओमकारनं विचारलं.

"तुझा काका आमच्या बांधावर सरकून बसलाय, त्याला कोण काय म्हणतंय रं?"

यंदाच्या फेब्रुवारीत राजाबाईंच्या करडईत चंडोलानं घरटं केलं. करडईला इथं करडी म्हणतात. पीक काटेरी, कुत्रं-मांजर आत शिरत नाही, म्हणूनच चंडोल शिरतो. अंडी तीन. पिल्लं निघाली की दाखवते, असं राजाबाईंनी मुलांना कबूल केलं. मात्र चंडोलाची पिल्लं आठ-दहा दिवसांत घरटं सोडतात, त्यामुळं दाखवण्याजोगा एकच शनिवार हातात येणार होता.

पिल्लं गुरुवारी निघाली. दोनच दिवसांनी आलेल्या शनिवारी त्यांचे डोळेही उघडले नव्हते, म्हणून भेट पुढच्या शनिवारी ठरली. पुढच्या मंगळवारी निसर्ग-शिक्षणाच्या कसल्याशा योजनेचे साहेब तपासणीला आले. साहेब मैसूरकडचे. मराठी आपल्याला समजतं, असा त्यांचा समज होता. त्यांनी चौथीतल्या तेजस्वीला विचारलं, जंगलातलं कुणाचं घर पाहिलंस?

"करडीत घर हाय, साहेब! तीन पिल्लं हाईत. शनिवारी राजाआक्का आम्हास्नी आत नेणार हाय."

कन्नडमध्ये करडी म्हणजे अस्वल. करडीचे हे दोन अर्थ वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत, आणि म्हणूनच ते साहेबांना सांगावं असं कुणाला सुचलं नाही. कुठला शब्द कधी कुठल्या भाषेतला, हे इथली माणसं वाऱ्यावरून ओळखतात.

"करडीच्या जवळ नेणार?" साहेबांचा आवाज चिरकला.

"जवळ न्हाय, आत. जरा टोचतंय, पर सवय हाय."

दुसऱ्या दिवशी आदेश आला: अस्वलाच्या धोक्यामुळं मुलांनी शाळेच्या कुंपणाबाहेर जाऊ नये. शाळेला कुंपण नव्हतं. पूर्णिमा बाईंनी चुन्याच्या फक्कीनं शाळेभोवती रेघ ओढली आणि आदेशाचं पालन झालं.

शुक्रवारी राजाबाई बस धरून बेळगावला कचेरीत गेल्या.

"साहेब, ती करडी न्हवं. म्हंजे करडीच हाय, पर तसली न्हवं. मी दरसाल कापते, मळते आनि तेल काढते."

साहेबांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागं नेली. शेवटी शिपाई जोतिबानं मध्ये तोंड घातलं, "सर, कुसुबी! कुसुबी!" करडईचं हे कन्नड नाव ऐकून साहेबांना बराच उशिरा घाम फुटला.

चूक त्यांना मान्य होती. अडचण वेगळीच होती. अहवाल वर गेला होता, आणि वर गेलेलं अस्वल खाली आणण्याची सोय नियमांत नव्हती. ते स्वतःहून निघून गेलं, असं मात्र दाखवता येत होतं. साहेबांनी मजकूर तयार केला: 'सदर अस्वल पिल्लांसह अन्यत्र गेल्याचे मी समक्ष पाहिले.' खाली सही राजाबाईंची.

"न्हाय करत."

"मग मुलं बाहेर जाणार नाहीत."

"जे तितं कदी ऱ्हायलंच न्हाय, त्येनं घर सोडलं म्हणून कसं लिवू? कुणाचं घर कुठलं, एवढंच तर पोरास्नी शिकीवते मी."

जोतिबा हळूच म्हणाला, "कर की गं आक्का. कागदच हाय."

राजाबाईंनी कोरा कागद मागितला. तिसरीपर्यंतची अक्षरं जमवत लिहिलं: 'माझ्या करडीत एकबी अस्वल नाही.' खाली सही केली.

साहेबांनी तो दोनदा वाचला. त्यात खोटं काही नव्हतं, आणि अस्वल गेल्याचंही त्यातून काढता येत होतं. वर पाठवायला जोतिबानं त्याचं कन्नड केलं. शब्दाला शब्द लावण्यात तो हुशार. कन्नडमध्ये वाक्य झालं: 'माझ्या अस्वलात एकही अस्वल नाही.' वरून कुणी काही विचारलं नाही. साहेबांनी त्याच दुपारी मुलांना बाहेर जायची परवानगी दिली.

शनिवारी चौदा जणं काट्यांतून अंग चोरत गेली. दोन पिल्लं घरटं सोडून शेजारच्या सरीत उड्या मारत होती. तिसरं अजून बसून होतं आणि चौदा तोंडांकडं रागानं बघत होतं. कुणी शिंकलंसुद्धा नाही.

"आक्का, उद्या ह्येबी जाईल?" तेजस्वीनं कुजबुजत विचारलं.

"जाईल की. त्येच्यासाठीच कापणी खोळंबलीया."